एक चूल, चार आडनावं

‘रूमी’ असं नुसतं सर्च केलं की आधी तेराव्या शतकातला फारसी कवी समोर येतो. सोबत ‘मीरा रोड’ जोडलं की कवी गायब आणि जाहिराती सुरू. ‘रूमी हवी, मुलगीच, सिगारेट नको, शांतीनगर, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं’ या छापाच्या. शब्द अमेरिकन. रूममेटचं लाडाचं रूप. तिकडच्या कॉलेजांमध्ये तो कितीतरी वर्षं आहे, आपल्याकडे सिरीज आणि रील्समधून आला. गंमत म्हणजे अमेरिकेत रूममेट व्हायला रूम एक असावी लागत नाही. एकाच घराचं भाडं भरणारे, पण आपापल्या बेडरूमचं दार लावून बसणारेही तिथे रूममेटच. इंग्लंडमध्ये त्यांना फ्लॅटमेट म्हणतात. पुण्यात वर्षानुवर्षं ‘रूम पार्टनर’ चालतो, जो ऐकला की दोघांनी मिळून किराणा दुकान काढलंय असं वाटतं. शिवाय ‘कॉट बेसिस’ आहेच, ज्यात माणूस गायब आणि फक्त खाट शिल्लक. आणि ‘पेइंग गेस्ट’, म्हणजे पैसे मोजूनही पाहुणाच.

एवढे शब्द आहेत, पण सोसायटीच्या फॉर्मवर यातला एकही नसतो. तिथे दोनच खाने. फॅमिली की बॅचलर? आणि बॅचलर म्हणजे फक्त मुलगे असंही नाही हं. नाशिकहून शिकायला आलेली मुलगी बॅचलर, नोकरी करणारी तिशीतली ताई बॅचलर, घटस्फोटानंतर एकटे राहणारे काकाही बॅचलर. ज्याचं लग्नाचं माणूस सोबत नाही, तो प्रत्येक जण. चार जण एका घरात राहतात, एका कुकरमध्ये भात लावतात, दुधाचं बिल वाटून घेतात, एकीला ताप आला तर दुसरी रात्री मेडिकल उघडं आहे का बघत फिरते. तरी कागदावर हे ‘घर’ नसतं, ते चार सुटे लोक असतात. इतके लोक असं राहतात, मग त्यांना घर म्हणायला अडचण नेमकी कुणाला आहे?

मीरा-भाईंदरमध्येच हा प्रश्न एवढा ठळक का, ते नकाशा सांगतो. मुंबई महापालिकेची हद्द दहिसरला संपते. पुढचं स्टेशन मीरा रोड, जिल्हा ठाणे, महापालिका वेगळी. लोकल मात्र तीच पश्चिम रेल्वेची. नाका ओलांडला की भाडं उतरतं, आणि कॉलेज-ऑफिसला जायचा पास थोडाच महागतो. या एका गणितावर हे शहर वाढलं. 1991 च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक होते, 2001 मध्ये सुमारे 5 लाख 20 हजार आणि 2011 मध्ये 8 लाख 9 हजार. वीस वर्षांत साडेचार पटींहून जास्त. महापालिका झाली तीही अगदी अलीकडे, 2002 मध्ये. म्हणजे या शहरातले बहुतेक जण कुठून तरी आलेले. काही गिरणगावातून सरकत सरकत आले, काही 1992-93 च्या दंगलींनंतर सुरक्षित वाटेल अशी जागा शोधत नयानगरला आले, काही गुजरात-राजस्थानातून धंद्यासाठी. आणि मालिकांच्या सेटवर काम मिळेल म्हणून आलेले स्ट्रगलर तर विचारूच नका. ऑडिशन गोरेगाव-अंधेरीला, शूटिंग घोडबंदरच्या बाजूला किंवा नायगावला, आणि राहायला मीरा रोड. एका वन बीएचकेत तीन हिरो आणि एक असिस्टंट डायरेक्टर. ही जोक नाही, भाड्याची विभागणी आहे.

आता ‘हे सगळं नवीन पिढीचं खूळ’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. मुंबईत अनोळखी, अर्धओळखी माणसांनी एक खोली वाटून घेणं हे रूमी या शब्दापेक्षा कितीतरी जुनं आहे. गिरणगावात कोकणातल्या, घाटावरच्या गावांच्या नावाने खोल्या होत्या. बायकापोरं गावी, पुरुष इथे, आणि दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जण. हे शक्य व्हायचं कारण गिरणी पाळ्यांत चालायची. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. कॉट बेसिस तरी बरं म्हणायचं, इथे जमीनही शिफ्टमध्ये होती. जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तिकडे धोबी तलाव-माझगावच्या बाजूला गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांचे ‘कूड’ होते, काही अजूनही आहेत. गावागणिक एक क्लब, भिंतीला लावलेल्या पेट्या, कोपऱ्यात देव्हारा, संध्याकाळची प्रार्थना, आणि पुढचं जहाज मिळेपर्यंत थांबलेले खलाशी.

पण या जुन्या खोल्यांत आणि आजच्या फ्लॅटमध्ये एक फरक आहे. गावाच्या खोलीत जागा मिळायची ती गाववाला म्हणून. गाव एक, बहुतेक वेळा जात एक, बोली एक, जेवणही एक. कोण कुणाचा मुलगा हे खोलीतल्या म्हाताऱ्याला पाठ असायचं. पैसे बुडवले तर गावी आईबापाचं नाक कापलं जाईल, हीच हमी. आजची रूमी ॲपवर किंवा मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून मिळते. ती यवतमाळची, तू चिपळूणची, तिसरी भोपाळची. हमी देणारं गाव मध्ये नाही. त्यामुळे ‘हे लोक कोण?’ हा वॉचमनचा प्रश्न अगदीच बिनबुडाचा म्हणता येत नाही. प्रश्न योग्य आहे, त्यावर शोधलेलं उत्तर आळशी आहे. सोसायटी माणूस तपासत नाही, त्याचं आडनाव, लग्न आणि ताट तपासते.

यावर महाराष्ट्रात फार पूर्वी एक वेगळं उत्तर देऊन झालंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एकत्र जेवायची. 1927 मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. त्या काळात शाळेत शेजारी बसणं एक वेळ लोक चालवून घ्यायचे. एका पंगतीला, एका भांड्यातलं जेवणं ही खरी परीक्षा होती. भाऊरावांनी नेमकी तीच निवडली.

आणि रूमी शब्दाचं मूळ गाव अमेरिका म्हणून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये ते ज्याच्यासोबत राहिले तो नवल भथेना, एक पारशी विद्यार्थी. ही ओळख होस्टेलपुरती राहिली नाही, आयुष्यभर टिकली. 1920 मध्ये अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. त्या काळचे पाच हजार! (स्प्लिटचे दोनशे चाळीस रुपये तीन महिने न देणाऱ्या रूमींनी हे वाक्य दोनदा वाचावं.) पण या दोन तारखांच्या मध्ये 1917 आहे. बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी ते बडोद्याला गेले, तेव्हा गावात त्यांना कुणी राहायला जागा देईना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोन ओळखीच्यांना विचारून पाहिलं. दोघांनीही टाळलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी एका बागेत बसून काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

भथेना पारशी होते आणि धर्मशाळेतून काढणारेही पारशीच होते. समाज तोच. एकाने सोबत राहून माणूस पाहिला होता, बाकीच्यांनी फक्त रजिस्टरमधलं नाव खोटं आहे एवढं पाहिलं. कोलंबियाची डिग्री घेऊन आलेल्या माणसाची ही अवस्था, तर ‘सर, आम्ही चौघी इंजिनीअरिंगला आहोत’ हे ऐकून कमिटी विरघळेल अशी अपेक्षा कशी करायची?

बरं, कायदा काय म्हणतो? इथे थोडं वाईट वाटेल. घटनेच्या 15 व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा ठिकाणी धर्म-जात-लिंग-जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय. त्या यादीत भाड्याचं घर नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत राहू न देणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण तोंडावर जात सांगून कोण नकार देतं? ‘घर आत्ताच गेलं’ म्हणतात. उलट अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवायला मान्यता दिली. तो निकाल सभासदांबद्दल होता, भाडेकरूंबद्दल नव्हे. तरी संस्था आपले शेजारी निवडू शकते हा संदेश त्यातून गेला तो गेलाच.

पण ‘बॅचलर’च्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांसाठी सरकारने केलेले आदर्श उपविधी आहेत. त्यांत ‘अविवाहितांना फ्लॅट देऊ नये’ असं कलम नाही. सभासदाने आपला फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर द्यायचा तर संस्थेची परवानगी काढायची गरज नाही. आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याचा कागद द्यायचा, झालं. पोलिसांकडेही माहितीच द्यायची असते, परवानगी मागायची नसते. (हा फरक ब्रोकरला समजावून दाखवा, मी हरले.) ‘बॅचलर ठेवलेत तर मेंटेनन्स डबल’ असं सांगितलं जातं, त्यालाही मर्यादा आहे. फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहत नसेल तर लागणारा जादा आकार सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा सरकारचा आदेश ऑगस्ट 2001 पासून आहे. महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचेच नाहीत. म्हणजे सेवाशुल्क दीड हजार असेल तर जादा आकार फार तर दीडशे. आणि तो फॅमिलीला वेगळा, मुलांना वेगळा असा नसतो.

मग हे नियम असून उपयोग का होत नाही? कारण तक्रार करायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याला तक्रारीतून काही मिळत नाही. रूमी संस्थेचे सभासद नाहीत. उपनिबंधकाकडे कमिटीविरुद्ध जायचं तर मालकाने जायचं. मालक वसईला किंवा दुबईला. त्याला महिन्याच्या भाड्याशी मतलब, आणि ‘फॅमिली’ मिळतेय तर कमिटीशी वाकडं कशाला घ्या? त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे कबूल करायला हवं. त्यामुळे ‘नो बॅचलर्स’ची पाटी कुणी कोर्टात टिकवून दाखवलेली नाही, तरी लिफ्टशेजारी ती वर्षानुवर्षं टिकते.

मात्र एक गोष्ट रूमींच्या हातात आहे, आणि तीच सगळ्यात जास्त ढिली सोडली जाते. कागद.

नेहमीची कथा अशी असते. चार जण फ्लॅट बघतात. ब्रोकर म्हणतो, ॲग्रीमेंट एकाच्याच नावावर करू, खर्च वाचेल. चौघांपैकी जो जरा जबाबदार दिसतो त्याचं नाव जातं. डिपॉझिट सगळे मिळून भरतात, पण मालकाच्या खात्यात एकाच्याच फोनवरून जातं. सहा महिन्यांनी एक जण सोडून जातो. मालक त्याला पैसे देत नाही, ‘रिप्लेसमेंट शोध आणि त्याच्याकडून घे’ म्हणतो. तसं होतं. मग दुसरा जातो, त्याच्या जागी चौथा येतो. दोन वर्षांनी परिस्थिती अशी की घरात राहणाऱ्या चौघांपैकी एकाचंही नाव कागदावर नाही. ज्याचं आहे तो बेंगळुरूला नोकरीला लागलाय, आणि डिपॉझिट साखळीने हातोहात फिरलंय. मग एक दिवस मालकाला फ्लॅट विकायचा असतो. आणि तो अगदी शांतपणे म्हणतो, ‘मी तुम्हाला कुठे ओळखतो?’ खोटं नाही बोलत तो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं 55 वं कलम या बाबतीत चक्क राहणाऱ्याच्या बाजूचं आहे. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. बाकी देशात करार 11 महिन्यांचा करतात कारण वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नसते. महाराष्ट्रात 11 महिन्यांचाही नोंदवावाच लागतो. म्हणजे आपल्याकडे हा 11 चा आकडा निव्वळ सवयीने चाललाय. पण या सगळ्याचा फायदा ‘राहणारा’ कोण हे सिद्ध करता आलं तर!

एका करारात चार लायसन्सी लिहिता येतात. मुद्रांक शुल्क भाडं आणि डिपॉझिटवर ठरतं, डोक्यांवर नाही. ऑनलाइन नोंदणीत प्रत्येकाचा अंगठा लागतो, तेव्हा एजंट माणशी थोडे जादा मागेल, तेवढाच काय तो फरक. तोटा नाही असं नाही. चार नावं म्हणजे चौघांची जबाबदारी सामाईक. एकाने भाडं बुडवलं तर मालक उरलेल्या तिघांकडे येणार. मुदत संपल्यावर नूतनीकरण न करता राहात राहिलात तर 24 व्या कलमाखाली दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई मागता येते, तीही सगळ्यांकडून. तरी माझं मत पक्कं आहे. चारही नावं घालाच. सोडताना नवा करार करून नाव काढा, डिपॉझिटची देवाणघेवाण मालकाला मेसेजवर कळवा. मैत्री असताना हे करायला लाज वाटते, ‘एवढा विश्वास नाही का’ वगैरे. भांडण झाल्यावर करायला गेलात तर जमत नाही.

आता ताटाकडे येऊ. कारण नकार बहुतेक वेळा तिथूनच येतो. ‘ओन्ली व्हेज.’ मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत उत्तन येतं. कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांची जुनी गावं, आणि सीझनला काठ्यांवर ओळीने वाळत टाकलेले बोंबील. शहर झालं त्याच्या कितीतरी आधीपासून. त्याच महापालिकेत, काही किलोमीटरवर, बोंबील खाणाऱ्या घरातल्या मुलीला ‘आपलं जमणार नाही’ म्हणतात. इथे मी थोडी सबुरीने बोलेन, कारण घराच्या आत हा प्रश्न खरा असतो. आयुष्यभर मांसाहार न केलेल्या मुलीला शेजारच्या शेगडीवरचा सुकटीचा वास खरंच सहन होत नाही, ते नाटक नसतं. पण चौघींनी आपसात ठरवणं आणि बिल्डिंगने ठरवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आत काय होतं? तवे वेगळे केले जातात, रविवार ठरतो, एक्झॉस्ट फॅनवर वर्गणी निघते, कुणी एक दिवस चुकून दुसऱ्याच्या पातेल्यात अंडं उकडतं आणि दोन दिवस बोलणं बंद. पण सुटतं. बाहेर कमिटीत ते सुटायची वेळच येत नाही, कारण माणूस आतच घेतलेला नसतो.

भाषेचंही तसंच. जुलै 2025 मध्ये मीरा रोड देशभर गाजलं. मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण, मग व्यापाऱ्यांचा बंद, मग 8 जुलैचा मराठी मोर्चा, धरपकड, टीव्हीवर रोज चर्चा. मारहाण चूक होती, आणि महाराष्ट्रातल्या शहरात मराठीला पाहुणीसारखं वागवलं जातं हे दुःखही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं. त्या चर्चेत एक जागा मात्र कुणीच पाहिली नाही. इथल्या भाड्याच्या स्वयंपाकघरात रोज किती मराठी शिकली जाते! ‘आज भांडी कुणाची पाळी’, ‘अगं गॅस बंद कर’, ‘चल निघते, नऊ बावीस जाईल’. हे कोणत्याही क्लासमध्ये न जाता येतं. बदल्यात मराठी मुलीला गुजराती खिचडीची कढी आणि भोजपुरी शिव्या येतात. दुकानाच्या काउंटरवर भाषा मागावी लागते, ओट्याशी ती लागते. ज्या पक्षांना मराठीची काळजी आहे त्यांनी कोकण-विदर्भातून आलेल्या मुलामुलींना इथे घर का मिळत नाही, याचाही मोर्चा काढावा की. ‘बॅचलर’ म्हणून दारातून परत पाठवलेल्यांत मराठी आडनावंही कमी नसतात.

‘दिल दोस्ती दुनियादारी’ आठवतेय? 2015 मध्ये झी मराठीवर आलेली, एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सहा जणांची मालिका. त्या घराचं नाव ‘माजघर’ होतं. किती अचूक नाव. माजघर म्हणजे जुन्या घरातली मधली खोली, पाहुण्यांसाठी नसलेली, घरच्यांची.

आणि सरकारी व्याख्येतही हे घरच आहे, बरं का. 2011 च्या जनगणनेत प्रगणकांना दिलेली ‘कुटुंबा’ची व्याख्या काढून पाहा. सहसा एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारे लोक म्हणजे एक कुटुंब. ते एकमेकांचे नातेवाईक असतील, नसतील, काही असतील काही नसतील, चालतं. लग्न, रक्त, आडनाव यांपैकी काही विचारलेलं नाही. विचारलंय ते फक्त चुलीबद्दल. आपल्या आज्याही तेच विचारायच्या, ‘चूल एक आहे की वेगळी झाली?’ भाऊ-भाऊ एका वाड्यात राहूनही चूल वेगळी मांडली की घरं दोन व्हायची. पण या व्याख्येची दुसरी बाजू जरा टोचणारी आहे. बिननात्याचे लोक एका घरात राहतात, पण जेवण आपापलं, तर त्यातला प्रत्येक जण वेगळं कुटुंब. म्हणजे कांदेपोहे एकत्र करून खाणाऱ्या चौघी एक कुटुंब, आणि चार ॲपवरून चार पार्सलं मागवणारे चौघे चार कुटुंबं!

ती चूल पेटवणंही सोपं नाही. नेहमीच्या 14.2 किलोच्या सिलिंडरचं कनेक्शन घ्यायचं तर पत्त्याचा पुरावा लागतो, आणि करारावर नाव नसेल तर तो कुठून आणणार? म्हणून पाच किलोचा ‘छोटू’ आला. ओळखपत्र दाखवा आणि घेऊन जा. किलोमागे महाग पडतो, पण मिळतो. कित्येक फ्लॅट त्याच्यावर आणि एका इंडक्शनवर चालतात. मतदानाचंही तेच. 15 जानेवारी 2026 ला मीरा-भाईंदर महापालिकेची निवडणूक झाली, आधीच्या निवडणुकीनंतर तब्बल आठ वर्षांनी. इथलं पाणी, इथले खड्डे, इथली रिक्षाची रांग भोगणाऱ्या रूमींपैकी कितींनी मत दिलं? नियमाने विद्यार्थ्याला गावच्या पत्त्यावर किंवा शिकायला जिथे राहतो तिथल्या पत्त्यावर, दोन्हींपैकी कुठेही एका जागी नाव नोंदवता येतं. कॉलेजचं बोनाफाईड त्यासाठी चालतं. पण हे कॉलेजात कुणी सांगत नाही, आणि ज्यांचं मत नाही त्यांच्या घरभाड्याबद्दल नगरसेवक कशाला बोलेल?

नव्या जनगणनेत घरांच्या यादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर 2026 हा काळ ठरवला गेला आणि माणसं मोजायची ती फेब्रुवारी 2027 मध्ये. तेव्हा तुमच्या दारावरची बेल वाजली तर ‘मालक घरी नाहीत’ सांगून दार लावून घेऊ नका. मोजायचंय ते राहणाऱ्यांना, मालकाला नाही. अडेल ते एकाच ठिकाणी, कुटुंबप्रमुख कोण? 2011 च्या सूचनांप्रमाणे तो पुरुषच हवा, वयाने मोठाच हवा, असं काही नाही. घरातले ज्याला प्रमुख मानतात तो, सहसा घराचा कारभार बघणारा. म्हणजे बहुतेक फ्लॅटमध्ये जिच्या नावावर वाय-फाय आहे आणि जी दर पाच तारखेला ग्रुपवर ‘भाडं टाका’ म्हणून ओरडते, ती. बाकीच्या तिघींच्या पुढे ‘प्रमुखाशी नातं’ या रकान्यात ‘नातं नाही’ असं लिहिलं जाईल.